पाठमोरा

चार सीझन नाशिकरोडला, मग सात पुण्यात,
मी तुझी पाठ पाहिली, एलियास.
चार नंबर, आणि कॉलरखाली घामाचा नकाशा
जो पहिल्या वीस मिनिटांत पुरा व्हायचा.
म्हणून शरणपूर रोडला, चर्चच्या पायऱ्यांवर
तू समोरून आलास, इस्त्रीच्या शर्टात,
तर क्षणभर मी ओळखलंच नाही.

तू ओरडायचा नाहीस.
हात मागे न्यायचास, कमरेच्या जरा वर.
एक बोट : मी जातो.
दोन : तू ये.
मूठ : थांब, मी आहे.
बाकीचं बोलणं मॅच संपल्यावर, मिसळीवर,
तेही रश्शाबद्दल.

पेपरवाल्यांना तू कधी सापडला नाहीस.
एकदा फोटोत तुझं कोपर आलं,
खाली नाव दुसऱ्याचं.
तुझ्या बापाने देवळालीत तीस वर्षं
तोफखान्याच्या मेसची भांडी सांभाळली,
त्याने तेही कात्रण जपलं.
आल्यागेल्याला कोपर दाखवायचा.

आणि गोल?
अख्ख्या कारकिर्दीत एकच,
तोही माझ्यावर.
एक्क्याऐंशीवं मिनिट,
तुझ्या नडगीला लागून मागे वळलेला चेंडू
आणि रिकामं जाळं.
तू वाकलास, चेंडू काढलास,
जर्सीला पुसलास, लहान पोराचं नाक पुसावं तसा,
माझ्या हातात दिलास.
काही बोलला नाहीस.
मीही आजवर कुणाला सांगितलं नाही
की तुझी मूठ होती,
आणि मी पुढे आलो होतो.

मग मी प्रेसमध्ये लागलो.
रात्रभर नोटा मोजायच्या,
पहाटे गेटवर दोन्ही हात वर करून
रिकामे खिसे दाखवायचे, घरी जायचं.
तू कोलकात्याला गेलास,
दोन सीझनांनी परतलास,
तेहतिसाव्या वर्षी,
डाव्या गुडघ्यात स्क्रू घेऊन.

आता तू असिस्टंट कोच.
हेड कोच एकोणतीस वर्षांचा. त्याला सर म्हणतात,
तुला काका.
सर लॅपटॉपवर बाण काढतात.
तू फक्की मारतोस, चेंडूंत हवा भरतोस,
बिब मोजतोस : एकवीस, बावीस,
एक कुणाच्या तरी घरी राहिलंय.
टीम जिंकली की फोटोच्या वेळी
तू कोन गोळा करायला गेलेला असतोस.
वाईट वाटतं का, मी एकदा विचारलं.
तू म्हणालास, आधी काय वेगळं होतं?

डिसेंबरात सकाळी सहाला
इथे आठ डिग्री असतं. शिव्यासुद्धा वाफाळून येतात.
शिफ्ट सुटली की मी कुंपणाशी स्कूटर लावतो.
परवा तू सुरगाण्याच्या त्या पोराला, हेमराज गावितला,
अर्धा तास फक्त मागे चालायला शिकवत होतास.
मागे. तिरकं. वळून न बघता.
तो कंटाळला होता, त्याला गोल मारायचे होते.
तू त्याच्यासोबत मागे चालत होतास,
स्क्रूच्या गुडघ्याने,
मैदानाला उतार लागला तिथे दात आवळून.

आज मॅच होती, सातपूरच्या पोरांशी.
शेवटची पाच मिनिटं, एक-शून्यची पुंजी.
सर घसा फोडत होते.
तू लाइनीवर, माझ्याकडे पाठ करून.
पाठीवर आता नंबर नाही,
स्टाफ एवढंच लिहिलंय, तेही धुऊन धुऊन फिकं.
त्यांना कॉर्नर मिळाला.
तुझे हात मागे गेले,
कमरेच्या जरा वर.
मूठ.

तुझ्या मागे कोणी नव्हतं.
पाण्याचे क्रेट, एक प्लास्टिकची खुर्ची,
आणि जाळीपलीकडे मी,
घरी दूध न्यायचं होतं, किक मारून झाली होती.

मी स्कूटर बंद केली.
थांबलो, या वेळी.